होडीचा जीव दोरात

मी घाटावरचा. नांगर म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे काळी जमीन, बैलांची जोडी आणि तिच्यामागून चालणारे वडील उभे राहतात. पुढे मराठीचा एम. ए. झालो, मुलांना शब्दांच्या व्युत्पत्ती शिकवू लागलो आणि नोकरीच्या निमित्ताने मालवणास येऊन पडलो. पहिल्याच आठवड्यात कळले की, या गावात नांगराला बैल लागत नाहीत, दोर लागतो. आणि इथली माणसे शेत नांगरतात तशीच होडीही ‘नांगरून’ ठेवतात.

ही मौज मी वर्गात सांगितली तेव्हा मुले हसली. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हसला नाही. तो गाबीत समाजातला, वडील मासेमारी करणारे. तास संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि संकोचाने म्हणाला, “सर, बाबांका ह्या सांगतलंय तर तेंका बरा वाटात. एकदा घराकडे येवा.” मी गेलो. वडिलांनी माझे व्युत्पत्तिशास्त्र शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुमचो नांगर जमीन फाडता, आमचो नांगर जमीन धरता. पण रुतलो नाय तर दोनय फुकट.”

त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागलो. या लेखात जे काही शहाणपण आहे, ते बरेचसे त्यांचे. माझे आहे ते एवढेच की, त्यांनी हाताने दाखवलेल्या गोष्टी मी नंतर पुस्तकांशी ताडून पाहिल्या.

दिवाळीतली ती रात्र

२०१९ साली लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते. त्याच सुमारास अरबी समुद्रात ‘क्यार’ नावाचे चक्रीवादळ उठले. ते आपल्या किनाऱ्यावर चालून आले नाही, पुढे पश्चिमेकडे ओमानच्या रोखाने गेले. पण जाता जाता सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला त्याने चांगलाच तडाखा दिला. समुद्र खवळला, वारा सुटला, नौका मिळेल त्या बंदरात शिरू लागल्या. घरोघर फराळाचे डबे भरले जात होते आणि मच्छीमारांच्या वाड्यांतली माणसे मात्र किनाऱ्यावर उभी होती.

काकांची फायबरची होडी सुमारे तेवीस फुटी, मागे लावायचे लहान इंजिन. होडीवर कर्ज होते आणि इंजिनावरही होते. त्यांनी ती खडकांच्या आडोशाला नांगरली होती. नांगर चांगला होता. दोर नवा होता, त्याच वर्षी घेतलेला, निळाशार, अंगठ्यापेक्षा जाड. पहाटे पाहतात तो होडी जागेवर नाही. उजाडल्यावर ती खडकांत सापडली. एक बाजू फुटलेली, इंजिन पाण्याखाली.

माणसाच्या जिवाला काही झाले नाही, एवढेच दैव. पण हंगाम ऐन भरात असताना होडी बसली आणि हप्ते मात्र चालू राहिले. सुटीनंतर तो मुलगा वर्गात आला तो निरोप घ्यायलाच. गोव्यात एका हॉटेलात काम मिळत होते. बी. ए.चे शेवटचे वर्ष होते.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. काका ओटीवर बसले होते आणि मांडीवर त्या निळ्या दोराचा तुटका शेवट होता. डॉक्टरांनी नाडी पाहावी तसे ते तो बोटांनी चाचपीत होते. वीतभर भागाचे तंतू पिंजल्यासारखे झाले होते, मध्येच चकाकी आली होती, पांढरट पडले होते. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाशी, जिथे दोर काठावरून खाली उतरतो, नेमक्या तिथे तो रात्रभर घासला होता.

“दोर जाडो होतो, सर,” ते म्हणाले. “पण तेका अंग नव्हतां.”

दोराचे अंग म्हणजे काय

हे ‘अंग’ प्रकरण मला त्या दिवशी उमगले नाही. म्हणून काकांनी मला एक प्रश्न विचारला. क्रिकेटचा झेल घेताना हात ताठ धरता की मागे नेता? मागे नेतो, मी म्हणालो. “मग दोरान तसांच करूक नको?” ते म्हणाले. “लाट इली, होडी मागे गेली, दोराक ताण इलो. दोर वायंच वाढाक होयो. ताण गेलो काय परत आपल्या जाग्यार येवक होयो. नाय वाढलो तर हिसको बसता. हिसको एक तर दोर तोडता, नायतर नांगर उपटता.”

आपण घाटावरची आणि शहरातली माणसे दोर निवडताना तो ओढून पाहतो. न ताणणारा दोर आपल्याला मजबूत वाटतो. विहिरीच्या पोहऱ्याला किंवा कपडे वाळत घालायला ते ठीक. नांगराच्या दोराचे काम वेगळे आहे. त्याला वजन उचलायचे नसते, हिसका गिळायचा असतो, तोही एका रात्रीत हजारो वेळा. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो.

पूर्वी हे काम काथ्या करीत असे. नारळाच्या सोडणापासून निघणारा काथ्या ताकदीने तसा दुबळाच. केळीच्या जातीच्या एका फिलिपिनी झाडापासून होणाऱ्या मनिला दोराच्या मानाने त्याची ताकद जेमतेम पाव. पण खारे पाणी त्याला सहसा कुजवीत नाही आणि ताणले तर तो चांगला लांबतो. अरबी समुद्रातल्या दर्यावर्दींनी शेकडो वर्षे त्याच्यावर भिस्त ठेवली ती उगीच नव्हे. अकराव्या शतकातल्या अल बेरुनीने या समुद्रातल्या बेटांचे दोन वर्ग सांगितले आहेत, एक कवड्यांच्या बेटांचा आणि दुसरा काथ्याच्या दोरांच्या बेटांचा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खिळे न मारता, फळ्या काथ्याने शिवून गलबते बांधीत. त्या जुन्या पद्धतीने गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे गलबत मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात दाखल झाले, तेव्हा ही विद्या अजून जिवंत असल्याचे सर्वांनी पाहिले.

काकांच्या लहानपणी घरचा दोर काथ्याचाच होता. पुढे बाजारात यंत्रावरचे रंगीत दोर आले. हलके, स्वस्त, न कुजणारे. काथ्या गेला आणि त्याच्याबरोबर दोराच्या अंगाची चौकशीही गेली. दुकानात जाऊन लोक एवढेच विचारू लागले, “जाड दोर काय भाव?”

सगळाच नायलॉन नायलॉन नसतो

काकांच्या निळ्या दोराची चिठ्ठी घरात होती. तीवर ‘नायलॉन दोर’ असे लिहिले होते. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. आपल्या बाजारात प्लास्टिकच्या कोणत्याही दोराला नायलॉन म्हणायची चाल पडून गेली आहे, आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही फरक ठाऊक नसतो. पण फरक आहे, आणि तो होडी फुटण्याइतका मोठा आहे.

खरा नायलॉन १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जन्मला. तो भरपूर ताणतो आणि ताण गेला की पूर्ववत होतो. काथ्याचे अंग आणि मनिलाहून कितीतरी अधिक ताकद, असा तो योग आहे. भिजला की त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, हा त्याचा एक दोष. पण उरते ती पुरेशी असते. काकांचा निळा दोर होता पॉलिप्रॉपिलीनचा. तो हलका, म्हणून पाण्यावर तरंगतो. जाळ्याच्या वरच्या काठाला तो गुण आहे, नांगराला अवगुण. सैल पडला की पाण्यावर वेटोळे घालून बसतो आणि शेजारून जाणाऱ्या होडीच्या पंख्यात सापडतो. उन्हाने तो लवकर ठिसूळ होतो आणि घर्षणाच्या उष्णतेने लवकर वितळतो. तुटक्या शेवटाला चकाकी आली होती ती त्यामुळेच. तिसरा प्रकार पॉलिएस्टरचा, ज्याला जुनी माणसे टेरिलिन म्हणतात. तो ऊन चांगले सोसतो, ताकदीने नायलॉनच्या जवळपास असतो, पण ताणत फार कमी. शिडाच्या दोऱ्यांना तो उत्तम, नांगराला दुय्यम.

आकड्यांत सांगायचे तर १२ मिलिमीटर जाडीचा, तीन पेडांचा नवा दोर घ्या. नायलॉनचा असेल तर तो तुटायला सुमारे ३ टनांचा ताण लागतो, पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर सुमारे २ टनांचा आणि मनिलाचा असेल तर सुमारे १ टनाचा. हे झाले नव्या, कोरड्या, गाठ नसलेल्या दोराचे. एक साधी गाठ मारली की त्या जागी ताकद तीस ते पन्नास टक्क्यांनी कमी होते.

मग ओळखायचे कसे? काकांनी मला दोन परीक्षा शिकवल्या आणि त्या दोन्ही मी घरी करून पाहिल्या. पहिली पाण्याची. वीतभर तुकडा बादलीत टाका आणि हाताने दाबून त्यातली हवा काढा. नायलॉन बुडतो, पॉलिप्रॉपिलीन वर येतो. पॉलिएस्टरही बुडतो, म्हणून तिसरे पाहायचे ते हाताने ओढून. नायलॉनचे ताणणे हाताला कळते. दुसरी परीक्षा विस्तवाची. टोक जाळले की पॉलिप्रॉपिलीनला मेणबत्तीसारखा वास येतो. नायलॉनला तो येत नाही, त्याचा वितळून टणक मणी होतो. ही परीक्षा अर्थातच दुकानाबाहेर, वाळूत आणि दोराचा मालक आपण असताना करावी.

विस्तवाशी खेळताना मला आपली म्हण आठवली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आम्ही ती हट्टी माणसाला लावतो. पण सुंभ म्हणजे काथ्याचा दोर, हे वर्गात किती जणांना ठाऊक असते? काकांच्या परसात आम्ही एक तुकडा जाळला. राखेतही पीळ जसाच्या तसा दिसत होता. निळ्या दोराचा मात्र गोळा झाला. मी खुशीत येऊन म्हणालो, “काका, म्हण खरी ठरली.” ते म्हणाले, “म्हण खरी आसा, पण सुंभ आता पुरवणार नाय. आता नायलॉनच घेवक होयो.” जुन्याबद्दल इतका जिव्हाळा असूनही इतका स्वच्छ हिशेब असलेली माणसे मला पुस्तकांच्या जगात कमी भेटली आहेत.

जाडीचा मोह आणि लांबीचा हिशेब

दोर आपल्याकडे किलोवर विकतात. इथेच गरिबाचे गणित चुकते. १२ मिलिमीटरचा नायलॉन शंभर मीटरला सुमारे ९ किलो भरतो आणि त्याच जाडीचा पॉलिप्रॉपिलीन सुमारे साडेसहा किलो. म्हणजे नायलॉनचा किलोचा भाव जास्त आणि लागणारे किलोही जास्त. मग मनुष्य स्वस्ताकडे वळतो, वर मन समजवायला जाड घेतो, आणि पैसे संपले की लांबी कापतो. काकांनी नेमके हेच केले होते. त्यांच्या निळ्या दोराची लांबी होती पंचवीस मीटर.

लांबी कशाला हवी, हे मात्र मला सांगावे लागले नाही, कारण तिथे माझा बैलांचा नांगर उपयोगी पडला. नांगराची ओढ सपाट असली की फाळ जमिनीत शिरतो. ओढ वरच्या अंगाला गेली की फाळ उचलून बाहेर येतो. समुद्रातल्या नांगराचेही तेच. दोर लांब सोडला तर ओढ तळाला जवळजवळ समांतर राहते आणि नांगर अधिकच रुततो. दोर आखूड असेल तर प्रत्येक लाटेसरशी होडी त्याला वर उपटते. शिवाय लांब दोर ताणायलाही अधिक वाव देतो.

ठोकताळा असा की, वाऱ्यावादळात खोलीच्या निदान सातपट दोर सोडावा. शांत पाण्यात, कोणी होडीवर असताना, पाचपट चालतो. पण खोली कोणती? इथे पुष्कळ जण चुकतात. ओहोटीला मोजलेली खोली धरायची नाही. भरतीचे पाणी तीत मिळवायचे आणि पाण्यापासून नाळेपर्यंतची उंचीही मिळवायची. मालवणकडे उधाणाला पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते. मुंबईकडे ते चार मीटरांहूनही अधिक. काकांनी होडी लावली तिथे ओहोटीला तीन वाव पाणी होते. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचे अंतर, सहा फूट. तीन वाव म्हणजे साडेपाच मीटर, अधिक भरतीचे दोन मीटर, अधिक नाळेची उंची एक मीटर, एकूण साडेआठ. त्याची सातपट म्हणजे साठ मीटर. आणि पाण्यात होता पंचवीस मीटर, तिपटीपेक्षाही कमी.

हा हिशेब मुलाने वहीच्या पाठीमागे मांडला. बेरीज झाल्यावर तो काही बोलला नाही. वडीलही बोलले नाहीत. थोड्या वेळाने काका एवढेच म्हणाले, “माका ठावक होतां. माझ्या बापाशीन शिकयलेलां. पण त्या टायमाक पैसे नाय होते.”

मला हे वाक्य फार लागले. अज्ञानामुळे होणारे नुकसान शिक्षणाने टळते असे आम्ही मास्तर लोक समजतो. इथे ज्ञान पुरेपूर होते. कमी पडले ते काही किलो दोराचे पैसे. आणि ते वाचले म्हणून होडीची एक बाजू, एक इंजिन आणि एका मुलाचे शेवटचे वर्ष पणाला लागले.

खरेदी

होडी दुरुस्त व्हायला दोन महिने लागले. वाडीतल्या माणसांनी हात लावला, नातेवाइकांनी पैसे दिले, मुलाच्या परीक्षेच्या फीची व्यवस्था झाली. त्याला मी गोव्याला जाण्यापासून परावृत्त केले असे म्हणणे बढाईचे होईल. तो थांबला, कारण दुरुस्तीला दोन माणसे लागत होती. मात्र दोर घ्यायला जाताना काकांनी मलाही बरोबर नेले. “मास्तर आसले काय दुकानदार नीट बोलता,” असे त्यांचे म्हणणे.

आम्ही १२ मिलिमीटरचा, तीन पेडांचा, पांढरा नायलॉन शंभर मीटर घेतला. गोफासारखा विणलेला दोर हाताला मऊ लागतो आणि दिसायला सुंदर असतो. पण तीन पेडांचा पीळ उलगडून आत पाहता येतो आणि त्याचा सांधा घरी करता येतो, म्हणून तो बरा. शिवाय चार मीटर साखळी घेतली. दोराच्या आणि नांगराच्या मध्ये ही साखळी हवीच. आमच्याकडचा तळ खडकाळ. कालवांच्या शिंपा सुरीसारख्या असतात. दोर त्यांच्यावर घासण्यापेक्षा साखळी घासलेली बरी. आणि तिच्या वजनाने ओढ सपाट राहते, हा वरचा फायदा.

जोडताना काकांनी गाठ मारली नाही. लोखंडी कड्याभोवती दोर वळवून त्याचे पेड उलगडले आणि पुन्हा दोराच्याच अंगात पाच वेळा ओवले. अशा सांध्यात ताकद फारच थोडी कमी होते. दोराचे दुसरे टोक त्यांनी सगळ्यात आधी होडीला बांधले. घाईत नांगर टाकला आणि मागून सगळा दोरच पाण्यात गेला, अशा गोष्टी प्रत्येक बंदरात सांगतात आणि त्या खऱ्या असतात.

उरला तो नाळेवरचा काठ, जिथे पहिला दोर मेला. नायलॉनलाही तिथे भय आहेच, किंबहुना अधिक. कारण तो ताणतो आणि आखडतो, तेव्हा काठावर करवतीसारखा पुढेमागे होतो. म्हणून तेवढ्या भागावर जाड रबरी नळीचा हातभर तुकडा चढवायचा आणि रात्रीतून एकदोनदा उठून वीतभर दोर आणखी सोडायचा, म्हणजे घासण्याची जागा बदलते. हंगाम संपला की दोर गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि पुढच्या हंगामात उलटा लावायचा, नांगराकडचे टोक होडीकडे. पीळ उलगडून आत पाहायचे. तंतू तुटलेले किंवा भुकटी पडलेली दिसली की दया दाखवायची नाही. आणि नायलॉन पूर्ण ताणात असताना त्याच्या सरळ रेषेत कधी उभे राहायचे नाही. तुटलाच तर तो चाबकासारखा मागे येतो.

दुकानात काकांनी दोर मोजून घेतला तो मीटरपट्टीने नव्हे. हात पसरून, छातीवरून एकेक वाव घेत मोजला. दुकानदार हसला, पण त्याचा आकडा आणि काकांचा आकडा यांत दीड हाताचा फरक निघाला. कोणाच्या बाजूने, ते सांगत नाही.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ उत्तरेकडे रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आमच्या अगदी दारावरून गेले. त्या दोन्ही वेळी काकांनी होडी नांगरली नाही. माणसे गोळा करून सरळ वाळूवर, माडांपर्यंत ओढून घेतली. चांगला दोर घेतलेल्या माणसाला दोराची मर्यादाही कळते, हे मी तेव्हा पाहिले. तो मुलगा बी. ए. झाला. आता सकाळी होडीवर असतो आणि दुपारी एका सहकारी संस्थेत हिशेब लिहितो. हिशेब चांगला लिहितो, याचे मला नवल वाटत नाही.

आणि तो निळा दोर? दिवाळीत मी त्यांच्या घरी फराळाला गेलो की, दारात आकाशकंदील त्याच्याच तुकड्याला टांगलेला असतो. पहिल्या वर्षी मी त्याकडे पाहिले तेव्हा काका करंजीचे ताट पुढे सरकवीत म्हणाले, “कंदील टांगूक ह्यो चलता, सर. होडी टांगूक नाय.”